धूळ न बसलेला ट्रे

ताकाओका
६ फेब्रुवारी, सोमवार

ओगिनो बाई,

चौकशीचा अहवाल शुक्रवारी शिक्षण मंडळात दाखल झाला. शाळेच्या आरोग्यशिक्षिका कुराता बाईंनी आज सकाळी फोन करून तशी खात्री दिली. निष्कर्ष पान सातवर आहे. तो त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला : "तिसरीच्या वर्गशिक्षिकेने दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या विद्यार्थिनीचा पिवळा ट्रे जागेवर आहे की नाही हे न तपासता वर्गाला जेवायला बसवले." ९ मार्चला दुपारी चार वाजता मंडळाची बैठक आहे. तोवर कोणी लेखी काही कळवलं नाही, तर हे वाक्य तुमच्या नावापुढे कायमचं लागेल. कुराता बाई म्हणाल्या, "मग तिला कुठली शाळा उभी करणार हो?"

तुमचा सादो बेटावरचा पत्ता कोणी दिला ते सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय. तेव्हा सांगत नाही. तुम्ही तिथे आत्याकडे राहता आणि पर्सिमॉनची फळं वाळवण्याच्या कारखान्यात जाता एवढं कळलं.

कोतोहा बरी आहे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं स्वच्छ आहेत. शाळेत जाते. दुपारी अजून वर्गात जेवत नाही, कुराता बाईंच्या खोलीत जेवते, भिंतीला पाठ लावून. पांढरं काही खात नाही. भातावर आधी सोया सॉस ओतते, भात पूर्ण तपकिरी झाला की मगच घास घेते. तिच्या बाबांना मी फोनवर सांगितलं, तर नागोयाहून म्हणतात, "होईल सवयीने." महिन्यातून दोन दिवस घरी येणाऱ्या माणसाला सगळंच सवयीने होणारं वाटतं.

माझं काम सुरू आहे. सकाळी सातला पितळी घंटांच्या ओतशाळेत, साडेदहाला घरी, स्वयंपाक, अकरा चाळीसला कोतोहाचं जेवण घेऊन शाळेच्या मागच्या दाराशी, एक वाजता परत कामावर. तीन वर्षं ओकुदा मालकांनी ही वेळ चालवून घेतली. म्हणतात, "जा, तोवर तुझ्या घंटा मी तपासतो. तसाही बहिरा आहे, सगळ्याच पास होतील."

तुम्ही मुख्याध्यापकांबरोबर आमच्या दारात आला होतात त्या दिवशी मी काही बोलले नाही. तुम्ही गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलंत. कोटावरचं बर्फ वितळून मानेवरून कॉलरमध्ये जात होतं, आणि तुम्ही ते पुसलं नाहीत. मिठाईच्या डब्यावर तुम्ही घटकांची यादी हाताने लिहून चिकटवली होती. दूध नाही, लोणी नाही, दुधाची पावडर नाही. त्या यादीतलं अक्षर जराही हललेलं नव्हतं. मी डबा घेतला आणि "बर्फात कशाला आलात" एवढंच म्हटलं.

ती तुमची मान मला अजून दिसते. चपला काढायला वाकले की दिसते.

ट्रे अजून सापडलेला नाही म्हणे. शिपाईमामांनी कचऱ्याची खोलीसुद्धा उपसली होती. शाळेने नवा पिवळा ट्रे दिला आहे.

प्रकृतीला जपा.

हामादे चिझुरू
(कोतोहाची आई)


१४ फेब्रुवारी, मंगळवार

ओगिनो बाई,

तुमचं उत्तर नाही. यावं अशी अपेक्षाही नव्हती. तरी पत्रपेटी दिवसातून दोनदा उघडते.

आज एक विचित्र गोष्ट लिहिते. आमच्या घरात घंटा वाजते.

माझं कामच ते. देव्हाऱ्यापुढे ठेवायची पितळी वाटी, तिला दांडीने टोला द्यायचा, आवाज सरळ लांब जातो की मध्ये थरथरतो हे ऐकायचं. थरथरला की ओतीव कुठेतरी सुटलंय. दिवसाला दोनशे ऐकते. त्यामुळे कानात आवाज राहणं नवीन नाही. पण हा कानातला नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मी ओट्याशी असते, नळ चालू असतो, आणि आतल्या खोलीतून एकच टोला येतो. माझे सासरे गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांच्या फोटोपुढे आमच्याच ओतशाळेतली एक नाकारलेली वाटी आहे, तिचाच आवाज. शेवटाला जरा थरथरणारा.

मी नळ बंद करून आत जाते. कोतोहा गणितं करत बसलेली असते.

"घंटा वाजवलीस?"

"नाही."

"मग आवाज कुठून आला?"

"तुला येतो. मला नाही येत."

आठ दिवसांत चार वेळा झालं. काल मी आत गेलेच नाही. नळ मोठा केला.

कामावरही धड नाही. गेल्या महिन्यात मी पास केलेल्या तीन घंटा परत आल्या. तिन्हींत केसाएवढी चीर. ओकुदा मालक म्हणाले, "ज्यांच्यासाठी वाजवतात त्यांची तक्रार नाही, चिझुरू. पुजाऱ्यांची आहे." सगळे हसले, मीही हसले. मग एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या कानावर मी बायकोपेक्षा जास्त भरवसा ठेवला. काय चाललंय?" मी म्हटलं, झोप होत नाही.

तुम्हाला आठवतं का, सुरुवातीला तुम्ही मला मागच्या दाराशी थांबवलंत. मेमध्ये. मी आणलेल्या माशाच्या कटलेटशेजारी तुम्ही शाळेचं कटलेट धरलंत आणि म्हणालात, "कोतोहाची आई, यातलं तुमचं कुठलं? मला खरंच कळत नाहीये." त्या दिवशी मी सायकलवरून गात गेले ओतशाळेत.

शाळेच्या जेवणाचा महिन्याचा तक्ता आला की मी आधी तोच विचार करायची. काय चालेल हे नंतर. आधी हे, की तिचं ताट इतरांसारखं कसं दिसेल. गाजर ते चौकोनी कापतात की चकत्या करतात. सूप किती दाट. शेवटी हॉटेलवाल्यांच्या दुकानातून मी शाळेत असतात तसलेच बाऊल आणले, तोच फिका रंग. ओळख म्हणून प्रत्येकाच्या बुडाला लाल ठिपका दिला. भरलेल्या बाऊलचं बूड कोण बघतं, हे तेव्हा सुचलं नाही.

पहिलीत असताना तिने विचारलं होतं, "माझंच का वेगळं?" त्या प्रश्नाला माझं उत्तर हे होतं. दिसायला काहीच वेगळं राहू द्यायचं नाही. फक्त ट्रे पिवळा. ट्रेचं मला काही करता येत नव्हतं, तो शाळेचा नियम होता.

आज इतकंच.

चिझुरू


२२ फेब्रुवारी, बुधवार

ओगिनो बाई,

ट्रे माझ्या घरात आहे. पहिल्यापासून घरातच होता.

हे आधी लिहून टाकलं. आता कसं ते.

आज दुपारी ओकुदा मालकांनी मला लवकर घरी पाठवलं. चौथी घंटा परत आली. मी पाचला घरी पोचले. दार उघडलं, बूट काढायला वाकले, आणि आतून टोला आला. या वेळी नळ चालू नव्हता.

कोतोहा देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली होती. पुढे जमिनीवर पिवळा ट्रे. ट्रेवर लाल ठिपक्याचा बाऊल, त्यात सकाळचा भात, बाजूला वाटीत सूप, आणि चमचा. पेपर नॅपकिनची घडी शाळेत शिकवतात तशी त्रिकोणी. तिने हात जोडले होते.

मला वाटलं आजोबांसाठी. मी म्हटलं, "आजोबांना ट्रे कशाला? त्यांची वाटी आहे ना."

"आजोबांना नाही."

"मग?"

"बाईंना."

मी खाली बसले. "कुठल्या बाईंना?"

"ओगिनो बाईंना. त्या उपाशी गेल्या ना. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत. मला इंजेक्शन टोचलं आणि गाडीतून आल्या माझ्याबरोबर. त्यांचं ताट वर्गात तसंच राहिलं. साया सांगत होती."

तिला वाटतं तुम्ही आता नाही आहात, बाई. वारलात. मीच वाटू दिलं. डिसेंबरात ती विचारायची, बाई कधी येणार, बाई कुठे आहेत. मी म्हटलं होतं, "त्या आता येणार नाहीत. त्यांच्याबद्दल विचारायचं नाही." सासऱ्यांच्या वेळी मी तिला हेच, एकही शब्द न बदलता सांगितलं होतं. तिने तिच्या परीने अर्थ लावला आणि दोन महिने रोज तुम्हाला जेवायला वाढलं. नंतर तो भात स्वतः खायची. मी यायच्या आत ट्रे लपवायची; घंटा तेवढी कधी मागे राहिली, तर नळाच्या आवाजात वाजवायची. देव्हाऱ्यापुढचं टाकायचं नाही, हेही मीच शिकवलेलं.

आता ३० नोव्हेंबर.

तिचा नववा वाढदिवस. तक्त्यावर पांढरा स्ट्यू. मी पहाटे उठून सोयाच्या दुधात तांदळाचं पीठ कालवून केला, बटाट्याच्या फोडी मोजून त्यांच्या मापाच्या. इतका चांगला तीन वर्षांत जमला नव्हता. पिशवी भरत होते आणि ती शाळेत जायच्या गडबडीत म्हणाली, "आई, आजच्या दिवस निळा घेऊ? सगळ्यांसारखा? फक्त आज. तीच माझी भेट."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बाईंना विचारते."

विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणाला असतात हे मला ठाऊक होतं. मी पिवळा ट्रे पिशवीत घातलाच नाही. रोजच्या तपासणी चिठ्ठीत चार चौकोन असतात : ट्रे, बाऊल, इंजेक्शनचं पेन, पालकांचा शिक्का. चौकटीत खुणा केल्या, खाली शिक्का मारला. चारही. सवयीने मारला असं मी स्वतःला जवळजवळ तीन महिने सांगितलं. सवयीने नाही मारला. ट्रेच्या चौकोनाशी हात थांबला होता. ट्रे मी फ्रीज आणि भिंतीच्या फटीत सरकवला, तो कुणाला दिसू नये म्हणून. स्वयंपाकघरात तेव्हा कोणीच नव्हतं.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोतोहाने गठ्ठ्यातला निळा ट्रे घेतला, माझा बाऊल त्यावर ठेवला आणि हात धुवायला गेली. वाढणाऱ्या मुलांनी जागा करायला ट्रे सरकवले. परत आली तेव्हा शेजारी बसणारी साया म्हणाली, "हा तुझा." दोन्ही बाऊल सारखेच होते. मी तसेच केले होते. मग साया म्हणाली, "बाई, आज स्ट्यू गोड लागतोय," आणि तुम्ही खुर्ची पाडून धावलात. तोवर कोतोहाच्या पोटात दुधाच्या स्ट्यूचे तीन चमचे गेले होते.

हॉस्पिटलात मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "पिशवीत ट्रे होता ना?" काचेपलीकडे तिच्या तोंडावर नळी होती. मी म्हटलं, "रोजच्यासारखा." चिठ्ठीवर शिक्का होताच. म्हणजे ट्रे वर्गात हरवला. म्हणजे तुमच्याकडून. अहवालातलं पान सात माझ्या शिक्क्यावर उभं आहे.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. मी तिला सांगितलं, "ट्रेचं कुणाला सांगायचं नाही. नाहीतर शाळेत घरचं जेवण बंद करतील, रोज दुपारी तुला घरी आणावं लागेल आणि आईला काम सोडावं लागेल." हे खोटं नव्हतं. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात मी ते दिलं आणि स्वतः मोकळी झाले.

फटीतला ट्रे मी त्यानंतर पाहिला नव्हता. आज हातात घेतला. त्यावर धुळीचा कण नाही. रोज पुसते ती.

मी तिला सांगितलं, बाई आहेत. सादोला आहेत. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुन्हा खोटं बोलतेय. यापूर्वी किती वेळा माझं खोटं तिला कळलं असणार.

माझ्यासाठी काही मागत नाही. तिला एक ओळ लिहा. तुमचं अक्षर ती ओळखते.

चिझुरू


१ मार्च, बुधवार

ओगिनो बाई,

दोन्ही पोचली. कोतोहाला लिहिलेलं कार्ड आणि मला लिहिलेलं पत्र.

कार्ड तिने दारातच वाचलं. "मी रोज दोन वाट्या भात खाते आणि आत्या म्हणते तिसरी घेऊ नकोस. तू काय खातेस?" एवढं वाचून ती मोठ्याने हसली, मग रडली, मग मला म्हणाली, "तू तर म्हणालीस विचारायचं नाही." मी म्हटलं, "चुकीचं म्हणाले." ती म्हणाली, "हो." एवढंच.

त्या संध्याकाळी घंटा वाजली नाही. साडेपाचला मी नळ बंद करून उभी राहिले. मग कळलं, मी वाट बघत होते.

मला आलेलं पत्र मी दोन दिवस जवळ ठेवलं. तुम्ही लिहिता :

"अहवाल चुकीचा नाही. मी निळा ट्रे पाहिला होता. ती तो घेऊन जाताना माझ्याकडे बघून हसली. पूर्ण वर्षात जेवणाच्या वेळी ती पहिल्यांदा हसली होती. मला उठून विचारायला हवं होतं. मी मनात म्हटलं, आज वाढदिवस आहे. म्हणजे मी तपासलं नाही असं नाही, मी तपासून सोडून दिलं. चौकशीत मला ट्रेबद्दल विचारलं तेव्हा मी मान खाली घातली, कारण पिवळा ट्रे तुमच्या घरून आलाच नव्हता हे सांगायला गेले असते, तर त्यांनी कोतोहाला बसवून प्रश्न विचारले असते. तुम्ही काही लिहू नका. तिचं घरचं जेवण चालू राहू द्या. मी इथे बरी आहे."

बाई, हे वाचून मला क्षणभर हलकं वाटलं. हे तुम्हाला कळायलाच हवं. मी ओट्याशी उभी होते आणि मनात आलं, चला, त्यांनीही पाहिलं होतं. म्हणजे अर्धं त्यांचं. तेवढ्यात तुमच्या मानेवरून उतरणारं पाणी दिसलं. तुम्ही सगळं माहीत असून वाकला होतात. माझ्या चिठ्ठीवरचा शिक्का खोटा आहे हे माहीत असून माझ्याच पायांशी.

आणि मी म्हटलं, बर्फात कशाला आलात.

आज ओकुदा मालकांना सगळं सांगितलं. काम जाईल तर जाऊ दे म्हणून आधी त्यांनाच. म्हातारा बराच वेळ घंटेची कड घासत बसला. मग म्हणाला, "जेवण बंद केलं शाळेने तर दुपारी पोरीला इथे आण. शाळा जेवणाच्या सुट्टीत सोडेल ना? सायकलवर आठ मिनिटं. भट्टीशेजारी ऊब आहे. जेवेल आणि जाईल." मी म्हटलं, "मालक, नियमात बसतं का ते?" म्हणाला, "माझी पंचवीस माणसं रोज इथे जेवतात, सव्विसावीला कोणता नियम लागतो? फक्त त्या दाइकिचीला सांग, त्याचा दुधाचा डबा त्या तासाला बाहेर. कुरकुरेल. कुरकुरू दे."

भट्टीवरचा दाइकिची खरंच कुरकुरला. "मी कॉफी काळी प्यायची का आता?" आणि मग जाऊन साबणाने टेबल घासायला लागला.

मी तुमचं ऐकणार नाही, बाई. लिहिणार आहे.

चिझुरू


५ मार्च, रविवार

ओगिनो बाई,

निवेदन शुक्रवारी मंडळात दिलं. दीड पान आहे. तुम्ही निळा ट्रे पाहिला होता हे त्यात नाही. ते तुमचं आहे, सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझा शिक्का खोटा होता, ट्रे घरीच होता, आणि मी विचारल्यावर खोटं बोलले, एवढंच लिहिलं. कारकुनाने पोचपावतीवर ठसा मारला आणि विचारलं, "ट्रे आणलाय का? पुरावा म्हणून लागेल." मी म्हटलं, बैठकीला आणते.

कुराता बाईंना काल सांगितलं. त्या म्हणाल्या, "शिपाईमामांनी तो कचरा हातांनी उपसला होता हो." मी शिपाईमामांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "असू दे. कचऱ्यात एक हरवलेली छत्री तरी सापडली तेव्हा." त्यांच्या डोळ्यांकडे मी पाहू शकले नाही.

सायाच्या आईलाही सांगितलं. त्या पोरीला गेले तीन महिने वाटत होतं, "हा तुझा" म्हणाल्यामुळे हे झालं. आमच्या गावात एका ट्रेखाली किती जण दबले होते, याची गणती मी केली नव्हती.

कोतोहाचे बाबा बुधवारी रात्रीच्या गाडीने येतायत. फोनवर आधी ओरडले, मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू म्हणाला असतास, होईल सवयीने." दुसऱ्या दिवशी रजा टाकल्याचा निरोप आला.

काय होईल मला माहीत नाही. कुराता बाई म्हणतात, पान सात बदलेल, पण पूर्ण पुसलं जाईलच असं नाही. घरच्या जेवणाची परवानगी बहुधा जाईल. एप्रिलपासून नवा वर्ग, नव्या बाई, आणि दुपारी सायकलवरून भट्टीपर्यंत.

सकाळी कोतोहाला विचारलं, गुरुवारी तू सायाकडे थांबशील का. ती म्हणाली, "ट्रे कोण धरणार?"

"मी धरेन."

"तू सांगणार आहेस ना? सांगताना तुला दोन्ही हात मोकळे लागतात. मी धरते."

मी खूप समजावलं. तुम्ही जिच्यासाठी मान खाली घातलीत, तिलाच त्या खोलीत नेणं मला पटत नाही. पण ती ऐकत नाही, आणि या बाबतीत तिला गप्प राहा म्हणायचा हक्क आता मला नाही. कुराता बाईंनी मंडळाला विचारून ठेवलंय. तिला कोणी प्रश्न विचारायचा नाही, हे कबूल झालंय. स्वतःहून बोलली तर ऐकायचं.

ट्रे धुऊन ओट्यावर उभा करून ठेवलाय. फटीत पुन्हा घातला नाही.

गुरुवारी ९ तारखेला चार वाजता, मंडळाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. सादोहून सकाळी साडेनवाची बोट धरली तर नाओएत्सूमार्गे तीनपर्यंत ताकाओकाला पोचता येतं, हे कोतोहाने वेळापत्रकात बघून ठेवलंय. तुम्ही यावं असं मी म्हणत नाही. ती म्हणते. तिने तुमच्यासाठी डबा करायचं ठरवलंय, आणि मी मदत करायची नाही असं बजावलंय. काय असणार विचारलं तर म्हणाली, "तपकिरी भात."

आम्ही साडेतीनला दाराशी असू.

चिझुरू